छत्तीस व्होल्टची मर्यादा

काही वर्षांपूर्वी चिखलीत आमच्या घरी एका रात्री जळका वास आला. भाचा इंजिनिअरिंगला होता आणि सकाळी त्याला व्होल्टेज रेग्युलेटरचा प्रोजेक्ट दाखवायचा होता. मी बीए झालेला, कविता लिहिणारा माणूस. वासापलीकडे मला काही कळेना. "मामू, दिवसभर तर चालत होतं," एवढंच तो म्हणत राहिला.

जळाली होती ७४१ नावाची आठ पायांची आयसी, म्हणजे ऑप-अँप. दोन ठिकाणच्या व्होल्टेजमधला फरक ती ओळखते आणि तो मिटेपर्यंत पुढच्या ट्रान्झिस्टरला कमी-जास्त चालवते.

हिचं घराणं मोठं आहे. 'ऑपरेशनल अँप्लिफायर' हे नाव १९४७ साली जॉन रॅगाझिनी यांच्या लेखात आलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फिलब्रिक कंपनीनं के२-डब्ल्यू काढला. त्यात काचेचे दोन व्हॉल्व्ह असत आणि त्याला अधिक ३०० व उणे ३०० व्होल्ट लागत! पुढं सिलिकॉन आलं. फेअरचाइल्ड कंपनीत १९६५ साली बॉब विडलर यांची ७०९ आणि १९६८ साली डेव्ह फुलागर यांची ७४१ तयार झाली. स्थिरतेसाठी लागणारा कपॅसिटर ७४१च्या आतच होता, म्हणून ती विद्यार्थ्यांची लाडकी झाली. पण सहाशे व्होल्ट पचवणाऱ्या घराण्यातली ही लेक नाजूक. साध्या ७४१सीला दोन टोकांत मिळून ३६ व्होल्टच चालतात. त्यापुढं आतले सिलिकॉनचे पातळ थर फुटू शकतात.

भाच्याचा ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्टचा होता. मग छत्तीस आले कुठून? एसीच्या २४ व्होल्टचं शिखर असतं ३४. डायोडांनी दीडएक खाल्ला तरी साडेबत्तीस उरतात. इथवर ठीक. पण ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा पूर्ण लोडचा आणि २३० व्होल्टच्या लाइनचा असतो. रात्री दुकानं, गिरण्या बंद झाल्या, लाइन अडीचशेवर गेली, त्यात भाच्यानं लोडही काढून ठेवला होता. झाले अडतीस-एकोणचाळीस!

नशिबानं डबीत दुसरी आयसी होती. रात्रीच त्यानं तिच्या वाटेत एक रेझिस्टर आणि २४ व्होल्टचा झेनर डायोड बसवला. मोठा ट्रान्झिस्टर वाढीव व्होल्टेज सोसायला समर्थ होता. आयसीला मात्र आता चोविसापुढं काही दिसणार नव्हतं. बाहेर हवे होते फक्त बारा.

मी बॅटरी धरून बसलो होतो. सकाळी परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, हा झेनर इथं कशाला?