दारुड्याला दारुडाच हवा

1840 साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी वॉशिंग्टोनियन संघटना काढली. पिणाऱ्याने पिणाऱ्याला सावरायचे, ही रीत त्यांचीच. पण जाहीर सभा आणि दारूबंदीचे राजकारण यांच्या ओढाताणीत ती काही वर्षांतच विरली. 1935 च्या मेमध्ये अ‍ॅक्रनच्या हॉटेलात, धंद्यात आपटलेला, दारूपासून दूर राहू पाहणारा बिल विल्सन बारऐवजी फोनकडे वळला आणि पाद्र्यांना विचारत सुटला. त्याला उपदेश नको होता, दुसरा दारुडा हवा होता. तसेच पिणारे डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. ती टिकली, ती माझ्या मते गावोगावचे गट स्वायत्त ठेवून राजकारण आणि बाहेरच्या देणग्या टाळल्यामुळे. या संघटनेत देवाचे नाव फार, हा आक्षेप खराच; मात्र 1939 च्या त्यांच्या पुस्तकातच देव ज्याने त्याने आपापला ठरवायची मुभा आहे, आणि सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा पुरते.