लेखनक्रिया : एका समासाचे पुनर्वाचन

शुद्धलेखन आणि सुंदर हस्ताक्षर या दोन शब्दांत आपल्याकडील लेखनशिक्षणाचा विचार बहुधा संपतो. महाविद्यालयात त्यात निबंध, सारांश व पत्रलेखन यांची भर पडते, एवढेच. कागद, शाई, अक्षरांतील अंतर, चित्र आणि आता पडदा यांचा आशयाशी काही संबंध असतो, हे अभ्यासक्रमाच्या गावीही नसते. १९९६ साली 'न्यू लंडन ग्रुप' या अभ्यासकगटाने बहुविध साक्षरतेची कल्पना मांडली आणि शब्दाबरोबरच प्रतिमा, ध्वनी व अवकाशरचना हीही लेखनशिक्षणाची अंगे मानावीत, असा आग्रह धरला. पुढे संगणकामुळे त्या विचाराला चांगलेच बळ मिळाले. मराठीच्या वर्गात हा विषय निघाला की तो परका वाटतो. तो तसा वाटू नये याला एक कारण आपल्याच जिल्ह्यात आहे.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचे नाव 'शिकवण' असून त्याचा पहिलाच समास 'लेखनक्रिया निरूपण' आहे. (हा ग्रंथ जांबेत लिहिला गेला नाही, रामदासांनी गाव लहानपणीच सोडले होते. जन्मगावाचा अभिमान बाळगावा, पण बेताने.) या समासातील अक्षरांच्या मोत्यांसारख्या ओळींचे तेवढे लोकांना स्मरण असते आणि त्यामुळे सगळा समास हस्ताक्षराच्या उपदेशात जमा होतो. वस्तुतः अक्षराचा भाग हा समासाचा केवळ पूर्वार्ध आहे.

अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, पहिल्या अक्षराची ठेवण ग्रंथ संपेपर्यंत टिकावी, सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असे रामदास प्रथम सांगतात. मग पानाकडे वळतात. शिशाने रेघा आखून घ्याव्यात, ओळीला ओळ लागू नये, भोवती कोरी जागा सोडावी. समासाची जागा सोडण्यामागचा विचार अगदी व्यावहारिक आहे : कागद कडेने झिजतो, तेव्हा अक्षरे तरी वाचावीत. तारुण्यात फार बारीक लिहिलेले म्हातारपणी वाचता येत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे. येथे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाचणारा उभा आहे, आणि तो वयाने वाढणारा, दृष्टी मंदावणारा वाचक आहे. आमच्या निबंधलेखनाच्या तासाला वाचक इतक्या सगुण रूपात क्वचितच येतो. तेथे वाचक म्हणजे परीक्षक.

उत्तरार्ध तर निव्वळ साहित्यसामग्रीचा आहे. घट्ट कागद आणून ते घोटावेत, नाना देशांचे बोरू जमवावेत, टाक तोडण्याचे प्रकार जाणावेत, सुऱ्या, कातऱ्या, हिंगूळ, शाई संग्रही असावी, समाप्ती रंगवावी, चित्रे काढावीत, आणि शेवटी बासने, मेणकापड, पेट्या व कुलुपे यांनी पोथी जपावी. दौलताबादजवळचे कागजीपुरा हातकागदासाठी प्रसिद्ध होते, हे ध्यानात घेतले की हा मजकूर कल्पनेतला नसून कारागिरांच्या जगातला आहे, हे पटते. विशेष म्हणजे लगेचचा दुसरा समास शब्दभेद आणि अर्थभेद यांकडे जातो. आधी पान, मग अर्थ. आपण हा क्रम उलटा लावतो आणि पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही.

समासाचा विषय बाळबोध लिपी आहे, हेही सूचक ठरते. त्या काळचा कारभार मोडीत चाले. हात न उचलता भरभर लिहिणे हा मोडीचा गुण. अक्षर अक्षर सुटे ठेवणे हा बाळबोधीचा. एक लेखन काम उरकण्यासाठी, दुसरे अनेकांनी पुनःपुन्हा वाचण्यासाठी. कोणत्या प्रयोजनाला कोणती लिपी, ही निवडच मुळी रचनेचा भाग होती.

मात्र या समासाचे गुणगान येथे थांबवावे लागते. त्यातील उपदेश ब्राह्मणाला उद्देशून आहे. अक्षराचा हा सारा सोहळा कोणाच्या हाती होता आणि कोणाच्या नव्हता, हे पहिल्याच ओवीत स्पष्ट होते. रामदासांच्याच संप्रदायात वेणाबाईंनी 'सीतास्वयंवर' रचले, हा अपवाद मोठा, पण अपवादच. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा पाटी हाती देणे हीच क्रांती होती. म्हणून साधनांची चर्चा करताना साधने कोणापाशी आहेत हा प्रश्न आधी विचारावा लागतो. परतूर किंवा मंठ्याच्या एखाद्या घरात तीन भावंडांत मिळून एकच मोबाईल असेल, तर 'डिजिटल लेखन' हा शब्द जपूनच उच्चारावा.

असे असूनही तो मोबाईल हेच आजच्या विद्यार्थ्याचे लेखनसाहित्य आहे, हे नाकारून चालणार नाही. रा. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा देवनागरी फाँट रचला, तेव्हा ओळीला ओळ लागू नये, वेलांटीने मात्रा कापू नये, हेच जुने प्रश्न त्यांच्यापुढे पडद्यावर होते. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडमुळे ती अडचण बरीच दूर झाली. मेणकापड आणि पेटी यांचेच काम ते करते.

आयत्या मजकुराचा प्रश्नही दासबोधाला अपरिचित नाही. चौदाव्या दशकात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार सांगितले आहेत. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखेच आपणही उतरवून काढणे म्हणजे पाठ कवित्व. पडद्यावरून उचललेला, किंवा हल्ली यंत्राकडून लिहवून घेतलेला निबंध याच वर्गात बसतो. आम्ही वर्गात ही नावे वापरून पाहतो. 'नक्कल केलीस' म्हटले की मूल गप्प होते. 'हे पाठ आहे, यातले धीट कुठे आहे?' असे विचारले की निदान एक वाक्य तरी स्वतःचे दाखवते. गेल्या वर्षी जांबवरील टिपणासाठी एका विद्यार्थिनीने आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, ते उतरवून घेतले, आणि उतरवताना आजी जेथे थांबली तेथे ओळ मोकळी सोडली. त्या मोकळ्या ओळींना गुण द्यावेत की कापावेत, यावर आमच्या विभागात अजून एकमत झालेले नाही.