लावणी-पोवाड्याच्या जुन्या तबकड्या कोण जपतं? रेकॉर्ड संग्राहकांच्या क्लबची गोष्ट

'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ साली राज्यगीत झालं आणि शाहीर साबळेंचा तो खडा आवाज पुन्हा एकदा प्रत्येकाच्या फोनवर वाजला. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचं संगीत. हे गाणं टिकलं कारण ते लोकप्रिय होतं आणि कंपनीने ते वेळोवेळी नव्या रूपात बाजारात आणलं. पण त्याच्या आधीच्या पन्नास-साठ वर्षांत लावणी, पोवाडे, गौळणी, भजनं आणि बतावण्यांच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक कंपनीने पुन्हा कधीच काढल्या नाहीत. त्या आज ऐकू येतात त्या काही हौशी माणसांमुळे. ही माणसं जुन्या बाजारातून, भंगारवाल्याकडून, एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून रेकॉर्ड उचलून आणतात आणि एकत्र बसून ऐकतात. त्यांच्या मंडळाला रेकॉर्ड कलेक्टर्स क्लब म्हणतात.

महाराष्ट्रातलं याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'. ही संस्था १९९० साली मुंबईत सुरू झाली. नारायण मुलानी, ऑस्ट्रेलियाचे अभ्यासक मायकेल किनिअर आणि डॉ. सुरेश चांदवणकर ही तिच्यामागची नावं. चांदवणकर पेशाने भौतिकशास्त्रज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. संस्थेचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षं सचिव म्हणून सांभाळला. १९९१ पासून 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक निघू लागलं. कोणत्या कलाकाराच्या किती तबकड्या, कोणत्या लेबलवर, कोणत्या क्रमांकाने निघाल्या, याच्या याद्या त्यात छापल्या जायच्या. वरवर पाहता हे रेल्वेच्या वेळापत्रकासारखं रुक्ष वाचन. पण गाण्याचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला त्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण खुद्द कंपन्यांच्या दफ्तरात बऱ्याच नोंदी उरलेल्या नाहीत.

क्लबचं काम चालतं कसं? अगदी साधं आहे. एखादा विषय ठरतो, समजा 'बैठकीची लावणी'. ज्याच्याकडे त्या तबकड्या आहेत तो त्या पिशवीत घालून आणतो, एकेक लावतो आणि लावण्याआधी थोडं बोलतो. श्रोत्यांत बसलेला एखादा म्हातारा सांगतो की ही बाई अमक्या गावची, पेटीवर तमका होता. कोणीतरी ते टिपून घेतं. तबकडीवर नसलेली माहिती अशी गोळा होते, आणि ती सांगणारी पिढी आता वेगाने कमी होत चालली आहे.

तबकडी म्हणजे नेमकं काय?

भारतात झालेलं पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मधलं, कलकत्त्याचं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग लंडनहून यंत्र घेऊन आला होता. तेव्हा गाणाऱ्यांत गौहरजान होती, जी गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. या मुद्रणांच्या तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जात आणि बोटीने परत येत. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि मग इथली गाणी इथेच छापली जाऊ लागली.

जुनी काळी तबकडी प्लॅस्टिकची नसते, लाखेची असते. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते तीच ही लाख. त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून ती दाबली जाई. मिनिटाला साधारण ७८ फेरे, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. हातातून पडली की कपबशीसारखी फुटते.

या तीन मिनिटांनी आपल्या गाण्याचा आकारच बदलला. तमाशा रात्रभर चालायचा: गण, गौळण, बतावणी, मग वग. लावणी रंगली तर एकेक ओळ दहा वेळा घोळवली जायची, त्यात अदा, त्यात समोरच्यांची दाद. भोंग्यासमोर उभं राहून तीन मिनिटांत गायचं म्हणजे अदा गेली, दाद गेली, उरले शब्द आणि चाल. पोवाडा तर कापून दोन बाजूंवर बसवायचे. पहिल्या भागात लढाईला तोंड फुटतं आणि ऐन रंगात उठून तबकडी उलटावी लागते.

तरीही जे उरलं ते मोलाचं आहे. पुण्याच्या सुंदराबाई जाधवांची बैठकीची लावणी आपल्यापर्यंत आली ती या तबकड्यांमुळेच. त्यांना अनेकजण 'माणूस' (१९३९) चित्रपटातल्या आईच्या भूमिकेमुळे ओळखतात, पण त्या मुळात गायिका. कोपरगावच्या कौसल्याबाईंच्या लावण्यांच्या तबकड्याही अशाच संग्राहकांच्या हाती राहिल्या. सुलोचना चव्हाणांची ठसकेबाज लावणी १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा' नंतर घरोघरी पोचली. तिच्यामागची परंपरा ऐकायची असेल तर या जुन्या बायकांकडे जावं लागतं.

अमेरिकेतली एक गोष्ट

अमेरिकेत ब्लूज या गाण्याचं असंच झालं. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचं हे गाणं: दुःख, दारू, रेल्वे, रुसलेलं माणूस. १९२० नंतर कंपन्यांनी ते खपतं म्हणून छापलं, पुढे मंदी आली आणि सोडून दिलं. दुसऱ्या महायुद्धात तर लाखेची टंचाई झाली म्हणून जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या गेल्या. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या गायकाने १९३६-३७ मध्ये २९ गाणी मुद्रित केली आणि १९३८ साली, अवघ्या २७ व्या वर्षी तो मेला. १९६१ मध्ये त्याची एलपी निघाली आणि ब्रिटनमधल्या रॉक संगीताची एक अख्खी पिढी ती ऐकून शिकली. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत ते गाणं जिवंत ठेवलं ते दारोदार फिरून जुन्या तबकड्या विकत घेणाऱ्या संग्राहकांनी.

आपल्याकडे फरक एवढाच की संग्राहक आधी शास्त्रीय संगीत आणि नाट्यसंगीताकडे वळले. बालगंधर्वांच्या तबकड्या लोकांनी रेशमी रुमालात जपल्या. तमाशाचं गाणं 'घरात ऐकण्यासारखं नाही' म्हणून बाजूला पडलं. काय जपायचं हे ठरवताना जात आणि प्रतिष्ठा दोन्ही आड आल्या, हे मान्य करायला हवं.

नाशिकचं काय?

नाशिकचं पहिलं नाव म्हणजे द. वि. पलुस्कर. जन्म इथलाच, १९२१ चा. वडील विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम पंचवटीत होता. ३४ व्या वर्षी, १९५५ मध्ये दत्तात्रेय पलुस्कर गेले, त्यामुळे त्यांचं गाणं आपल्यासाठी मुख्यतः ध्वनिमुद्रणांतच आहे. ती ध्वनिमुद्रणं जपली गेली, वारंवार निघाली.

दुसरं नाव वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म १९२२ चा. वयात आल्यावर अक्षरं शिकलेल्या या माणसाने हजारो गाणी लिहिली आणि गावोगावच्या गायन पार्ट्यांनी ती आंबेडकर जयंतीला, दीक्षेच्या वर्धापनदिनी गायली. यातली कित्येक गाणी कधीच तबकडीवर आली नाहीत. पुढे १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीतांना मोठी बाजारपेठ मिळाली. पण कॅसेटची फीत लाखेपेक्षा लवकर खराब होते. दमट कपाटात बुरशी धरते, चिकटते, तुटते. माझ्या मते आज नाशिकमध्ये कोणी संग्राहक मंडळ काढलं तर त्याने पहिला हात तबकड्यांना नाही, कॅसेटच्या खोक्यांना घालावा.

बागलाण-मालेगावची अहिराणी गाणी आणि सुरगाणा-पेठकडच्या कोकणा लोकांची पावरी तर त्याहून मागे राहिली. ज्या गाण्याला गिऱ्हाईक नाही तिकडे कंपनी जात नसे. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या नसत्या, तर महाराष्ट्रातल्या बायकांच्या या जुन्या गाण्याचा मोठा भाग कागदावरही उरला नसता.

घरात तबकड्या सापडल्या तर

आजोबांच्या ट्रंकेत दहा-वीस काळ्या तबकड्या निघाल्या तर पहिली सूचना: स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. लाख त्यात विरघळते. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि मधलं कागदी लेबल कोरडं ठेवायचं. लेबल गेलं की ओळख गेली. जुन्या नाशकात दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढायला लागलं की तळमजल्यावरच्या सामानाची काय गत होते हे सांगायला नको. पुरात भिजलेली तबकडी एक वेळ वाजेल, पण कोणाची ते कळणार नाही. तबकड्या थप्पी लावून आडव्या ठेवू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा.

एलपीच्या सुईवर त्या वाजवू नका. ७८ ची खाच रुंद असते, बारीक सुई तळाशी घासत जाते आणि खरखरीशिवाय फारसं काही देत नाही. या तबकड्यांसाठी वेगळी, साधारण तिप्पट रुंद टोकाची सुई मिळते. वेगही तपासायला हवा. ७८ ऐवजी ७४ फेऱ्यांनी तबकडी फिरली तर काळी चारमध्ये गाणारी बाई जवळजवळ पांढरी पाचात उतरते. यूट्यूबवर अशी कितीतरी गाणी चुकीच्या वेगात चढवलेली आहेत, आणि खाली लोक 'काय भारदस्त आवाज' म्हणून दाद देतात!

चढवायला कायद्याची हरकत आहे का? भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६४ किंवा त्याआधी निघालेल्या तबकडीवरचा कंपनीचा हक्क २०२४ संपताना संपला. पण शब्दांचा हक्क वेगळा असतो. तो कवीच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांच्या लावण्या केव्हाच मोकळ्या झाल्या. वामनदादा २००४ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवर २०६४ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे.

आणि विकण्याआधी किंवा भंगारात देण्याआधी एवढं करा: प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांचे स्पष्ट फोटो काढा, लेबलाजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला किंवा छापलेला आकडाही त्यात येऊ द्या. तो मुद्रणाचा क्रमांक असतो. लेबलावर नाव अर्धवट असलं, गीतकार दिलेला नसला तरी त्या आकड्यावरून संग्राहकाला बहुतेकदा वर्ष आणि गायक शोधता येतो.