टोपलीत जपलेली विद्या

अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात सेंट हेलेना नावाचे बेट आहे. तेथील पेन सेंटरमध्ये गुल्ला लोकांचा वारसा जपणारे छोटेखानी संग्रहालय पाहण्याचा योग मला आला.

या लोकांच्या पूर्वजांना पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले होते. त्यांतील पुष्कळजण भाताच्या मुलखातले. दलदल उपसून, बांध घालून त्यांनी भातशेती उभी केली आणि मळेवाले धनाढ्य झाले. गवताच्या वळ्या एकावर एक शिवून केलेल्या पसरट टोपलीत ते भात पाखडीत. आपले सूपच म्हणा ना!

यादवी युद्ध चालू असतानाच, १८६२ मध्ये, लॉरा टाउन या बाईंनी मुक्त झालेल्यांसाठी या बेटावर शाळा काढली. गुल्लांच्या बोलीला मात्र लोक मोडके इंग्रजीच म्हणत. तिच्यात आफ्रिकी भाषांचे शब्द नांदत आहेत, हे लोरेन्झो टर्नर या विद्वानाने १९४९ साली ग्रंथ लिहून दाखविले.

मळेवाल्यांच्या वह्यांत गुलामाची किंमत लिहीत. त्याच्या विद्येचे श्रेय त्याला दिले नाही. ती विद्या आईच्या हातून लेकीच्या हाती आली. त्या टोपल्या आजही हातानेच शिवल्या जातात.