शाळिग्राम आणि चाकणचा कातळ

चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. गाणपत्य संप्रदायाचे हे मोठे पीठ. गणेशपंचायतनात मध्यभागी गणपती असतो आणि भोवतीच्या चार देवतांत विष्णू. प्रथेनुसार विष्णूचे रूप म्हणजे काळा, गुळगुळीत शाळिग्राम. असंख्य मराठी देवघरांतला हा दगड मुळात एका सागरी प्राण्याचा जीवाश्म आहे. त्या प्राण्याचे नाव अमोनाइट. ऑक्टोपस आणि कोकणच्या बाजारातले माकूल यांचा शंखधारी नातलग. (मासळी वर्ज्य असलेल्या घरांतही त्याला नित्य तुळस वाहिली जाते!)

शाळिग्राम मिळतो नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. मेलेले अमोनाइट तळाच्या काळ्या चिखलात रुतले आणि त्यांच्याभोवती खनिजे साचून गोटे घडले. पुढे भारतीय भूखंड आशियाला धडकला, समुद्रतळ उचलला जाऊन हिमालयात गेला. आता नदी ते गोटे खडकातून सोडवून खाली आणते. त्यांवरचे ‘चक्र’ म्हणजे शंखाचे वेटोळे. परंपरेने ते वज्रकीट नावाच्या किड्याने कोरले असे मानले, म्हणजे या दगडाचा एखाद्या जिवाशी संबंध आहे, हे तिलाही जाणवले होते. युरोपीयांना त्यात इजिप्तच्या अमोन देवाची मेंढ्यासारखी शिंगे दिसली. ‘अमोनाइट’ हे नाव त्यावरूनच आले.

आता पायाखालचा दगड पाहू. चाकणला कारखान्याचा पाया खणताना लागणारा काळा कातळ हा बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. दख्खनचे हे महाउद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ऐन भरात होते, आणि नेमक्या त्याच काळात जगभरचे अमोनाइट संपले. मेक्सिकोत आदळलेला लघुग्रह मुख्य दोषी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दख्खनच्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर वाद आहे. अमोनाइटची पिल्ले अतिशय चिमुकली, समुद्राच्या पृष्ठभागाजवळ प्लवकांसोबत तरंगणारी. प्लवकांचा नाश झाला, तेव्हा तीही गेली असावीत. त्यांचा दूरचा नातलग नॉटिलस मात्र मोजकी, मोठी अंडी घालतो; त्याची पिल्ले जन्मतःच बऱ्यापैकी मोठी असतात. तो तगला, आणि हिंदी व प्रशांत महासागरांत तसेच वेटोळे पाठीवर घेऊन आजही पोहतो आहे.