साच्यातील भुकटीची कुळकथा

सतत ओतकामात वितळलेले पोलाद बिनतळाच्या, पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या साच्यात वरून ओतले जाते आणि बाहेरून गोठत चाललेली लादी खालून अखंड ओढून घेतली जाते. साच्याची भिंत आणि पोलादाचे कोवळे कवच यांच्यामध्ये आज वितळलेल्या भुकटीच्या मळीचा जो पातळ पडदा असतो, तो मात्र या तंत्राच्या जन्मापासूनचा नाही. सीगफ्रीड युंगहान्स या जर्मन तंत्रज्ञाने खालीवर हलणारा साचा १९३३ च्या सुमारास प्रथम पितळासारख्या धातूंसाठी वापरला, आणि पोलादासाठी तो स्वीकारला गेला तेव्हा वंगण म्हणून रेपसीडचे तेल भिंतीवरून सोडले जाई.

१९६० च्या दशकात पोलादाच्या धारेचा हवेशी संपर्क तोडण्यासाठी नोझलचे तोंड द्रवात बुडवण्यात आले, तेव्हा उघड्या राहणाऱ्या पृष्ठभागाला आच्छादनाची गरज भासली आणि तेलाची जागा भुकटीने घेतली. आरंभीच्या अनेक भुकट्या औष्णिक वीजकेंद्रांतील राखेपासून बनत. वितळणबिंदू उतरावा म्हणून त्यांत सोडियमची व फ्लोरिनची संयुगे आणि वितळण्याचा वेग आवरावा म्हणून कार्बन मिसळत. पृष्ठभाग झाकणे, ॲल्युमिनासारखा मळ शोषणे आणि वंगण पुरवणे ही त्यांची कामे होती. उष्णतेच्या नियमनाला आजचे महत्त्व मागाहून आले, आणि वंगणाच्या जोडीने तेही या भुकटीचे अत्यंत मोलाचे कार्य होय.

वितळलेली भुकटी फटीत झिरपली की भिंतीलगत तिचा एक-दोन मिलिमीटर जाडीचा घन थर जमतो आणि पोलादालगत अगदी पातळ द्रव थर राहतो. घन थर काचेसारखा राहिला, तर त्यातून अवरक्त प्रारण बऱ्याच अंशी पार जाते. त्यात स्फटिक वाढले, तर ते प्रारण विखुरतात, शिवाय स्फटिकीभवनाने आक्रसलेला व खडबडीत झालेला थर तांब्याला नीट टेकत नाही, आणि या सूक्ष्म फटीचा रोध पुष्कळदा निर्णायक ठरतो.

सिंग आणि ब्लाझेक या संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवले, की सुमारे ०.१ टक्के कार्बन असलेल्या पोलादातून साच्याकडे जाणारी उष्णता सर्वांत कमी असते आणि त्याचे कवच सुरकुततेही. गोठताना लोहाची स्फटिकरचना बदलून ते अधिक आक्रसते, म्हणून तडे टाळण्यासाठी त्याला सौम्य, एकसारखे शीतन लागते. त्यासाठी भुकटीतील चुना व सिलिका यांचे गुणोत्तर वाढवून कस्पिडाइन या फ्लोरिनयुक्त खनिजाचे स्फटिक घन थरात मुद्दाम जमू दिले जातात. हे खनिज व्हेसुव्हियसच्या परिसरात १८७६ मध्ये प्रथम वर्णिले गेले होते. याउलट, साच्याला चिकटून कवच फाटण्याचा आणि आतले पोलाद बाहेर सांडण्याचा धोका जेथे असतो, तेथे काचरूप राहणारी, सहज वाहणारी भुकटी निवडतात. १९८९ मध्ये अमेरिकेतील क्रॉफर्ड्सव्हिल येथे सुरू झालेल्या आणि पुढे रायगडमधील डोलवीतही आलेल्या पातळ लादीच्या ओतकामात वेग अनेक पट असल्याने ही निवड आणखी कठीण होते.

कस्पिडाइनला फ्लोरिन लागते, आणि तेच फ्लोरिन शीतनाच्या पाण्यात उतरून ते आम्ल बनवते व यंत्रे झिजवते. बोरॉनसारखे पर्याय मळीची प्रवाहिता सांभाळतात, पण कस्पिडाइनची उणीव सहज भरून काढत नाहीत. म्हणून तडे जाण्यास प्रवण अशा पोलादांच्या लाद्यांसाठी फ्लोरिनयुक्त भुकटीच अजूनही प्रामुख्याने वापरली जाते.