श्वासाची वाट

मैत्रिणींनो, १९१०च्या डिसेंबरात चीनमधल्या हार्बिन शहरात प्लेगने माणसं पटापट मरत होती. वू लिएन-तेह हे तरुण डॉक्टर म्हणाले, हा प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे नाही, श्वासातून पसरतोय. मलमपट्टीच्या कापडात कापूस घालून त्यांनी तो नाका-तोंडावर बांधायला लावला. मेस्नी या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांनी मास्क न लावताच रोगी तपासले आणि थोड्याच दिवसांत ते प्लेगने गेले. मग लोकांचे डोळे उघडले.

साथ एकट्या मास्कने हटली नाही. रोगी वेगळे ठेवले, प्रवास थांबवला, प्रेतं जाळली. तो रोग जिवाणूचा, कोरोना विषाणूचा. वाट मात्र श्वासाचीच. म्हणून नुसता पदर धरून भागत नाही, नाक-तोंड नीट झाकणारा मास्कच हवा.